अणुकचरा, काहिलीतली मळी आणि आपली काळी माती

बेळगाव

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

अणुकचरा निष्प्रभ करण्याच्या नव्या पद्धतींवर काम करायचंय, असं तू कळवलंस. त्यातला 'निष्प्रभ' हा शब्द आधी वहीतून खोडून टाक. आम्लात सोडा टाकला की आम्ल मरतं, किरणोत्सार तसा मरत नाही. कुठलंही रसायन, कितीही आच दिली तरी अणुकचऱ्यातल्या सीझियम-१३७ चं ३० वर्षांचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) २९ होत नाही. अणुकेंद्रच बदलायचं तर न्यूट्रॉन लागतो. टेक्नेशियम-९९ चं अर्धायुष्य २,११,००० वर्षं. त्यानं एक न्यूट्रॉन गिळला की टेक्नेशियम-१०० होतं आणि त्याचं अर्धायुष्य जेमतेम १६ सेकंद, पुढे स्थिर रुथेनियम. वाचायला छान वाटतं. पण सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० न्यूट्रॉन फारसे गिळतच नाहीत. त्यांच्यासाठी ३०० वर्षं थांबणं हाच उपाय. दहा अर्धायुष्यं गेली की हजारावा भाग उरतो.

म्हणजे खरी कारागिरी वेगळं काढण्यात आणि धरून ठेवण्यात आहे.

आपल्याला सर्वांत जवळचं अणुवीज केंद्र म्हणजे काळी नदीकाठचं कैगा. तिथल्या भट्ट्यांत जाणारा इंधनाचा जुडगा १९ नळ्यांचा, अर्धा मीटर लांब. भट्टीतून बाहेर आल्यावरही त्यात सुमारे ९९ टक्के युरेनियमच असतं, प्लुटोनियम अर्ध्या टक्क्याहून कमी, विखंडनातून झालेली द्रव्यं एक टक्क्याच्या आत. अख्खा जुडगा पुरायचा की तो नायट्रिक आम्लात विरघळवून युरेनियम-प्लुटोनियम परत काढायचं, हा धोरणाचा प्रश्न. भारतानं दुसरी वाट धरली. डोडेकेनमध्ये ३० टक्के ट्रायब्युटिल फॉस्फेट मिसळलेलं द्रावण ही दोन मूलद्रव्यं ओढून घेतं आणि मागे उरतं ते जहाल आम्लद्रव्य. त्याची काच करायची, म्हणजे त्यातला कचरा वितळलेल्या काचेत बांधून टाकायचा.

ही काच कळायला आपल्याकडच्या माणसाला गुऱ्हाळ पुरे. काहिलीत रस तापला की मळी वर येते, आपण झाऱ्यानं काढतो. काचेच्या भट्टीतही तसंच होतं. कचऱ्यात सल्फेट असेल तर साध्या बोरोसिलिकेट काचेत त्याचा एखादा टक्काच मावतो. जास्तीचं सल्फेट पिवळा थर होऊन वर तरंगतं. हा थर पाण्यात विरघळतो, आणि नेमकं सीझियम त्यात जाऊन बसतं. इथे झारा चालत नाही, कारण सगळं जाड काँक्रीटच्या भिंतीआड, यांत्रिक हातांनी करायचं असतं. मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) अणुसंशोधन केंद्रातल्या जुन्या कचऱ्यात सल्फेट आलं ते प्रक्रियेत वापरलेल्या फेरस सल्फामेटमुळे. त्यावर तोड म्हणून काचेतच बेरियम घातलं. दोष वरून काढता येत नसेल तर घाणाच बदलायचा, ही बुद्धी मला फार आवडते.

तापमान ९५० अंशांच्या आसपास ठेवतात. फार वर गेलं की सीझियम वाफ होऊन धुराड्याच्या गाळण्यांत जाऊन बसतं. कमी पडलं तर काच घट्ट राहते, ओतली जात नाही. पॅलेडियम, ऱ्होडियम, रुथेनियम विरघळत नाहीत, तळाशी साचतात. विजेच्या प्रवाहानं तापणाऱ्या भट्टीत त्यामुळे प्रवाह तळातूनच आडवाटेनं निघून जातो. उद्यमबागेतल्या फौंड्रीत एक दिवस काढलास तर यातलं निम्मं डोळ्यांनी दिसेल.

आता तुझ्या प्रयोगाचं: कुठली माती किती सीझियम धरून ठेवते, ते मोजायचं. किरणोत्सारी पदार्थाला हात लावायची गरज नाही आणि परवानगीही नाही. निसर्गातलं सगळं सीझियम हे स्थिर सीझियम-१३३ असतं, रसायन तेच. साधं सीझियम क्लोराइड घे. माती दोन प्रकारची आण: निपाणी-चिकोडीकडची काळी आणि खानापूरची तांबडी. मे महिन्यात पाय जाईल एवढी भेग पडते आणि पावसात मिटते, ती काळ्या मातीतल्या स्मेक्टाइट या फुगणाऱ्या खनिजामुळे. फौंड्रीच्या साच्याच्या वाळूत, म्हणजे ग्रीन सँडमध्ये, पडणारं बेंटोनाइट त्याच कुळातलं. फिनलंडच्या ओल्किलुओटोत सुमारे ४३० मीटर खोल, वापरलेल्या इंधनाच्या तांब्याच्या पिंपांभोवती हेच बेंटोनाइट ठासायची योजना आहे. पाणी आलं की ते फुगतं आणि वाट बंद करतं.

माती वाळव, ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढ. अर्धा ग्रॅम मातीला ५० मिलिलिटर द्रावण, २४ तास हलवत ठेव, मग सेंट्रिफ्यूज. सीझियमची तीव्रता लिटरला ०.५, १, १० आणि १०० मिलिग्रॅम अशी चारही घे. एकाच तीव्रतेवर काढलेला आकडा फसवतो: मातीत सीझियम घट्ट धरणाऱ्या जागा मोजक्याच, त्या भरल्या की पकड ढिली पडते. मातीविना एक बाटली ठेवायला विसरू नकोस, नाहीतर बाटलीला चिकटलेलं सीझियमही मातीच्या नावावर जमा होईल.

कॉलेजच्या फ्लेम फोटोमीटरला बहुधा सोडियम-पोटॅशियमचेच फिल्टर असतात. सीझियमची रेषा ८५२ नॅनोमीटरवर, त्यासाठी अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनचं यंत्र लागेल. ज्योतीत सीझियम आयनित होऊ नये म्हणून नमुन्यात आणि प्रमाण द्रावणात सारखंच पोटॅशियम क्लोराइड टाकतात. ते माती वेगळी केल्यावरच टाक. आधी टाकलंस तर पोटॅशियम मातीवरचं सीझियम हुसकावून लावेल आणि तू मातीला दोष देत बसशील.

मग मुद्दाम पोटॅशियम घालून हेच पुन्हा कर. उसाच्या शेतातल्या पाण्यात पोटॅश असतंच. स्ट्रॉन्शियमचं वैर कॅल्शियमशी. काळ्या मातीतले चुनखडीचे खडे आधी वेचून काढलेस तर वेगळा आकडा येईल, न वेचता वेगळा. दोन्ही लिहून ठेव. आयोडाइड आणि टेक्नेशियमचं पर्टेक्नेटेट मातीच्या कणांसारखेच ऋणभारित असल्यानं मातीवर फारसे थांबत नाहीत. मातीच्या भिंतीचं खरं भोक ते आहे, आणि नवं काही शोधायचं तर तिथे जागा आहे.

एक सावधगिरी. 'शोषून घेणारं काहीही चालतं' असं कधी मानू नकोस. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत मिठाच्या थरात खोदलेल्या साठवणीतलं किरणोत्सारी कचऱ्याचं एक पिंप १४ फेब्रुवारी २०१४ ला फुटलं. नायट्रेट क्षारांत खनिज मातीऐवजी गव्हापासून केलेली, मांजरांसाठीची शोषक भुकटी मिसळली होती. नायट्रेट आणि भुसा एकत्र, म्हणजे दारूगोळाच. पुन्हा कचरा घ्यायला ती जागा २०१७ मध्ये उघडली.

पोटॅशवाले आकडे आले की आधी तेच पाठव. काचेचा घाणा आपण त्यानंतर लावू, आणि तो धुराच्या कपाटातच (फ्यूम हूड), कारण नायट्रेट तापलं की तांबूस धूर निघतो.