वय 42, बैठं काम: एचआयआयटी (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ संथ, असा आलटूनपालटून व्यायाम) सुरू करताना हृदयाचे ठोके कितीपर्यंत न्यावेत?

तुम्ही लिहिलंय की 20 सेकंद जीव तोडून पळता, 10 सेकंद थांबता, तरी घड्याळ मिनिटाला 160 ठोके दाखवत नाही. जोर कमी पडतोय का?

जोर कमी पडत नाहीये. पाय एका क्षणात वेग घेतात, पण ठोके पूर्ण चढायला एक-दोन मिनिटं लागतात. पहिल्या 20 सेकंदांत आकडा पूर्ण वर येणारच नाही, उलट तुम्ही थांबलात की वाढलेला दिसेल. त्यात मनगटावरचं घड्याळ हात जोरात हलला की चुकतं. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा. हा 20-10चा प्रकार 1996 साली जपानमध्ये इझुमी ताबाता यांनी सायकलवर, तरुण आणि तयारीच्या मुलांवर तपासला होता. बैठ्या कामातून उठून थेट तिथे उडी मारू नका, ही कळकळीची विनंती.

ठोके बघूनच व्यायाम करायचा असेल तर लांब टप्पे घ्या. नॉर्वेतली पद्धत आहे: 4 मिनिटं जोरात, 3 मिनिटं संथ, असं चारदा. जोराच्या टप्प्यात कमाल ठोक्यांच्या 85 ते 95 टक्के. कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज 220 वजा वय: 220 वजा 42 म्हणजे 178, त्यामुळे तुमच्यासाठी 151 ते 169. पहिली दोन मिनिटं आकडा खालीच राहील, त्याच्यामागे धावू नका. शिवाय 178 ही सरासरी आहे. खरी कमाल 10-12 ठोके इकडेतिकडे असू शकते. म्हणून श्वासही बघा. तीन-चार शब्दांपुढे वाक्य जात नसेल तर जोर पुरेसा आहे.

मी 49 वर्षांचा, पहाटे शिवाजी पार्कला फेऱ्या मारतो. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड ठेवायला हृदयाला जादा काम पडतं. जानेवारीतल्याच वेगाला माझे ठोके तेव्हा 8-10 जास्त असतात. अशा दिवशी आकडा तोच ठेवायचा आणि वेग सोडून द्यायचा. मुंबईत ठोके मोजण्याचा मला सगळ्यात मोठा उपयोग हाच वाटतो.

पहिले सहा आठवडे फक्त झपझप चाला, आठवड्यातून चार-पाच दिवस, अर्धा तास. मग आठवड्यातून एकदा 4 मिनिटांचे दोनच टप्पे. पळायलाच हवं असं नाही, सोसायटीचे जिने चढलात तरी चालेल.

त्याआधी डॉक्टरांना भेटा. बीपीसाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर वरचे आकडे तुम्हाला लागू नाहीत, कारण ती ठोके फारसे चढू देत नाही. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर, यातलं काहीही जाणवलं तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टर गाठा. आमच्या सकाळच्या ग्रुपमधल्या एका काकांनी ॲसिडिटी समजून चार दिवस अंगावर काढले आणि शेवटी अँजिओप्लास्टी करावी लागली.

आणखी एक आकडा वहीत लिहीत जा: थांबल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किती उतरले. तयारी वाढते तसे ते जास्त उतरतात. सुरुवातीला माझे 18 उतरायचे, आठ महिन्यांनी 30 उतरायला लागले.