असुरादा आणि एसटीचं स्टिअरिंग

«सर, स.न.वि.वि. आमचा मुलगा दहावीत आहे, सेमी इंग्रजी. गणितात बरा, भाषांचा कंटाळा. तो मोबाइलवर एक जुनं जपानी कार्टून बघतो, गाड्यांच्या शर्यतीचं. त्यातली गाडी बोलते, स्वतः विचार करते. तेव्हापासून 'मी अशीच गाडी करणार' एवढंच चाललंय. वह्यांच्या मागच्या पानांवर नुसत्या गाड्या. मिस्टर एसटीत चालक आहेत. मागच्या महिन्यात जेवताना तो त्यांना म्हणाला, 'बाबा, तुम्ही रिटायर व्हायच्या आत गाड्या आपोआप चालतील, मग ड्रायव्हर कशाला लागेल?' ते काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून त्याच्या शिक्षणाचा विषय काढला की उठून जातात. माझा भाऊ म्हणतो डिप्लोमाला टाक. शेजारचे म्हणतात अॅनिमेशनचा कोर्स कर. आम्हाला यातलं काही कळत नाही. काय करावं?»
— एक आई, कोल्हापूर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी ते कार्टून पाहायला बसलो. चार भाग पाहायचे ठरवले होते, अकरा झाले. 'फ्यूचर जीपीएक्स सायबर फॉर्म्युला' ही १९९१ साली जपानी टीव्हीवर आलेली ३७ भागांची मालिका. चौदा वर्षांचा मुलगा, वडिलांनी बनवलेली संगणकाची गाडी, तिचं नाव असुरादा. (नाव ऐकून मला आपला असुरच आठवला.) त्या मुलाचं नाव चालक म्हणून गाडीच्या संगणकात नोंदलं जातं आणि मग दुसऱ्या कुणालाच ती चालवता येत नाही. एक गोष्ट मुलाला जरूर विचारा: असुरादा एवढी हुशार, तर शर्यतीत स्टिअरिंग कुणाच्या हातात असतं? गाडी सल्ला देते, रस्ता वाचते, धोका सांगते, पण चालवतो तो पोरगाच. तुमच्या घरातल्या भांडणाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. त्याकडे नंतर येतो.

या कार्टूनने मुलाचा वेळ वाया गेला असं समजू नका. त्या कथेत वडिलांना भीती असते की आपलं तंत्र लष्कराच्या हाती जाईल. खऱ्या जगात ही विद्या वाढली तीच लष्कराच्या पैशावर. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संस्थेने २००४ साली मोहावीच्या वाळवंटात विनाचालक गाड्यांची शर्यत लावली. सव्वादोनशे किलोमीटरच्या वर अंतर होतं. एकही गाडी पोचली नाही. सगळ्यांत पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरच्या आतच अडकली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पूर्ण केली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'स्टॅन्ली'ने वीस लाख डॉलर जिंकले. त्यानंतर गुगलने गाड्यांचं काम सुरू केलं ते याच शर्यतींतली माणसं घेऊन.

आणि मालिकेची कथा घडते २०१५ साली! त्याच वर्षी ऑस्टिन शहरात गुगलच्या बिनस्टिअरिंगच्या गाडीतून एक अंध गृहस्थ एकटेच रस्त्यावर फिरून आले. आणि त्याच वर्षाच्या शेवटी 'रोबोरेस' नावाच्या विनाचालक शर्यतींची घोषणा झाली. लेखकांनी वर्ष बरोब्बर पकडलं म्हणायचं. बाकीचं मात्र तितकं बरोब्बर नव्हतं, आणि मुलाने पाहायला हवं ते तेच. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या थ्रक्स्टन ट्रॅकवर याच रोबोरेसमध्ये एक गाडी सुरू झाली आणि सरळ जाण्याऐवजी तिथल्या तिथे उजवीकडे वळून भिंतीवर आदळली. कारण काय, तर स्टिअरिंगला जो आकडा मिळायला हवा होता त्या जागी 'ही संख्याच नाही' असा निरोप गेला. स्टिअरिंग एका बाजूला अडकलं, अॅक्सिलरेटर मात्र आपलं काम इमानदारीने करत राहिला. २०२४ च्या एप्रिलमध्ये अबुधाबीत आठ संघांची अशीच शर्यत झाली. पुढची गाडी गरगर फिरून थांबली, पिवळा झेंडा लागला. पिवळ्या झेंड्यात पुढच्याला ओलांडायचं नाही हा नियम मागच्या गाड्यांनी इतका काटेकोर पाळला की त्याही मागे येऊन उभ्या राहिल्या. शेवटी म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचा संघ जिंकला. त्यांनीच २०२१ साली इंडियानापोलिसलाही सरासरी ताशी २१८ किलोमीटरच्या वेगाने दोन फेऱ्या मारून दहा लाख डॉलर घेतले होते.

हे दोन अपघात त्याला यूट्यूबवर दाखवा. हसेल. हसून झाल्यावर 'असं का झालं?' म्हणून पुन्हा बघितलं, तर एक कळेल. नुसतं हसून 'गाडी दिसायला काय भारी आहे' म्हणाला, तर दुसरं कळेल. दोन्ही चांगलंच आहे, पण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

कारण 'मी अशीच गाडी करणार' या एका वाक्यात दोन मुलं लपलेली असतात. एकाला गाडीचं रूप काढायचं असतं, दुसऱ्याला तिच्या डोक्यात काय चालतं ते हवं असतं. आता हे दोन्ही एका ठिकाणी आले ते रोबोरेसच्या गाडीत. तिचं रूप डॅनियल सायमन या जर्मन डिझायनरने काढलं. हा माणूस फोर्झहाइमला शिकला, फोक्सवॅगन समूहात आणि बुगाटीत गाड्या काढल्या, मग हॉलिवूडच्या विज्ञानपटांतली वाहनं काढली. ड्रायव्हरच बसणार नाही म्हटल्यावर बसायची जागाच काढून टाकली, म्हणून ती गाडी अशी जमिनीला चिकटलेली दिसते. पण तिला लेझरने अंतर मोजणारे पाच लायडार, दोन रडार, सहा कॅमेरे लावून त्यांच्याकडून आलेल्या आकड्यांचा अर्थ लावणारी माणसं निराळी होती. सायमनला ते जमलं नसतं आणि त्यांना सायमनचं.

तुमच्या मुलाच्या वह्यांची मागची पानं शांतपणे चाळा. त्याच्यासमोर नको, तो लपवेल. नुसत्या बाजूने दिसणाऱ्या गाड्या आहेत, की समोरून, वरून, तिरप्याही काढल्यात? एकच गाडी दहा वेळा खोडून बदललीय का? की चित्राशेजारी बाण काढून 'इथे सेन्सर', 'इथे बॅटरी' असं लिहिलंय? मला त्या पानांचे फोटो पाठवले असतेत तर हे पत्र निम्म्याने छोटं झालं असतं.

पहिला प्रकार असेल, म्हणजे गाडीचं रूप काढणारा, तर त्याला 'अॅनिमेशनचा कोर्स' या जाहिरातींपासून लांब ठेवा. चौकाचौकात वर्षभराचे कोर्स आहेत. ते सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात, बघायला शिकवत नाहीत. आपल्याकडच्या स्टुडिओंत बाहेरच्या देशांतून आलेलं काम तुकड्या-तुकड्याने होतं. नुसती बटणं येणारी मुलं तिथेच अडकतात, डेडलाइनला रात्री जागतात आणि पस्तिशीत थकतात. हे मी पाहिलेलं सांगतो. चांगला रस्ता लांबचा आहे: बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा किंवा अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची डॅट. दोन्हींना कुठलीही शाखा चालते. यूसीडमध्ये गणिती तर्क असतो आणि हाताने चित्रही काढावं लागतं. आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र १९६९ पासून आहे, तिथे पुढे पदव्युत्तरला अॅनिमेशनही आहे आणि वाहनांचं डिझाइनही. पुण्यात लोणी काळभोरला एमआयटीच्या डिझाइन संस्थेत वाहन डिझाइन शिकवतात, पण फी विचारून मगच पायरी चढा. मुंबईचं जे. जे. उपयोजित कला महाविद्यालयही विसरू नका. तोवर रोज एक चित्र, समोरची खरी वस्तू बघून. कार्टूनमधलं बघून नाही. स्टँडवरची एसटी, उसाचा ट्रॅक्टर, शेजाऱ्याची लुना. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सुट्टीत ते शिकू दे.

इथे माझी एक चूक कबूल करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाला मी 'आधी इंजिनिअर हो, चित्रं छंद म्हणून काढ' असं सांगितलं होतं. तो इंजिनिअर झाला. चित्रं सुटली, आणि इंजिनिअरिंगही त्याने निमूटपणे केलं, आवडून नाही. परवा भेटला तेव्हा काही बोलला नाही, माझ्याकडे चहा प्यायला आणि गेला. तेव्हापासून मी 'छंद म्हणून' हा शब्द वापरत नाही.

दुसरा प्रकार असेल, म्हणजे बाण आणि सेन्सर, तर त्याला गणित आवडायलाच हवं, 'बरा' असून भागणार नाही. गाडीला आपण कुठे आहोत ते कसं कळतं? जीपीएस एक जागा सांगतो, चाकांचे फेरे मोजून दुसरीच येते. दोघेही थोडे थोडे खोटं बोलतात. कुणावर किती विश्वास ठेवायचा हे संगणक सेकंदाला कितीतरी वेळा ठरवतो. त्यामागे संभाव्यता आणि मॅट्रिक्स आहेत, म्हणजे अकरावी-बारावीचं गणित आणि त्यापुढचं. त्याला हे असंच सांगून बघा. डोळे चमकले तर पुढे बोलू.

तुमच्या भावाचा डिप्लोमाचा सल्ला वाईट नाही. गव्हर्न्मेंट पॉलिटेक्निक कोल्हापुरातच आहे, तीन वर्षांनी थेट दुसऱ्या वर्षात इंजिनिअरिंगला जाता येतं आणि हाताला काम लवकर लागतं. तरीही मी या मुलाला अकरावी सायन्सला पाठवेन, गणित घेऊन. कारण एकच: डिप्लोमात पंधराव्या वर्षीच शाखा निवडावी लागते, आणि त्याला अजून आपण कुठलं मूल आहोत हेच कळलेलं नाही. ही दोन वर्षं त्याला त्यासाठी द्या. एमएचटी-सीईटी, जेईई आणि यूसीड, तिन्ही दारं उघडी राहतील.

पुढे इंजिनिअरिंग ठरलं तर 'ऑटोमोबाइल' हे नाव बघून भुलू नका. अशा गाडीत इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर आणि मेकॅनिकल, तिन्ही लागतात. त्यातलं एक पक्कं असावं आणि बाकी दोन ओळखीचे. कॉलेज बघताना तिथे विद्यार्थ्यांचा रेसिंग संघ आहे का, हे विचारा. मुलं स्वतः फॉर्म्युला गाडी बांधून कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर 'फॉर्म्युला भारत'ला नेतात. जर्मनीच्या अशाच स्पर्धेत २०१७ साली विनाचालक गट सुरू झाला. संघात गेलेला पोरगा तिसऱ्या वर्षापर्यंत वेल्डिंग, वायरिंग, हिशेब आणि भांडण, सगळं शिकतो. नोकरीच्या मुलाखतीत विचारतात तेही तेच.

लॅपटॉप असेल तर आत्ताच करण्यासारखं एक आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सुरू झालेली एक-दशांश आकाराच्या विनाचालक गाड्यांची शर्यत आहे, आता तिला 'रोबोरेसर' म्हणतात (वरच्या 'रोबोरेस'पेक्षा ही वेगळी). तिचे धडे आणि सिम्युलेटर फुकट आहेत. खरी छोटी गाडी महाग पडते, ती नको. आधी पायथॉन ही संगणकाची भाषा शिकायची. दहावीची परीक्षा झाल्यावर, हं. आत्ता नाही.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. मुलगा जे बोलला ते त्याच्या मनात वाईट नसेल, पण वडिलांना ते 'तुमची विद्या कवडीमोल' असं ऐकू आलं. खरं काय ते दोघांनाही सांगा. नितीन गडकरींनी केंद्रीय मंत्री म्हणून २०१७ साली आणि नंतरही जाहीर सांगितलंय की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून भारतात विनाचालक गाड्या येऊ देणार नाही. मंत्र्याच्या शब्दावर आयुष्य बेतावं असं मी म्हणणार नाही. पण रस्ता त्या शब्दापेक्षाही अवघड आहे. आज आपल्याकडे महागड्या गाड्यांना आपोआप ब्रेक लागतो, लेन सुटली की इशारा येतो. त्यातही जबाबदारी चालकाचीच. पुण्यात, कोथरूडच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत आणि हिंजवडीच्या कंपन्यांत, या मदतनीस यंत्रणांवर शेकडो माणसं काम करतात. त्यांची सगळ्यात मोठी डोकेदुखी कुठली? उलट्या बाजूने येणारी मोटरसायकल, दिवा नसलेली उसाची ट्रॉली, पावसात पुसलेले पट्टे.

म्हणजे तुमच्या मिस्टरांना जे न सांगता दिसतं, ते. समोरच्या बाइकवाल्याने मान वळवली की तो वळणार, हे त्यांना इंडिकेटरच्या आधी कळतं. ते कसं कळतं हे त्यांनाही सांगता येणार नाही, आणि यंत्राला शिकवायचं तर कुणाला तरी ते सांगता यायला हवं.

म्हणून परीक्षा झाली की एक करा. मिस्टरांची गगनबावड्याकडची फेरी असेल तेव्हा मुलाला सोबत पाठवा, चालकाला बघता येईल अशा पुढच्या सीटवर. हातात वही. बाबांनी जिथे ब्रेक मारला, हॉर्न वाजवला, गिअर उतरवला, तिथे त्याने वेळ टिपायची आणि 'का' असं लिहायचं. फेरी चालू असताना एक अक्षर बोलायचं नाही, चालकाशी बोलू नये अशी पाटी तिथे असतेच. गगनबावड्याच्या स्टँडवर चहा घेताना वही उघडून एकेक 'का' बाबांना विचारायचा. किती चुकले ते मोजायचं. बाबांच्या चहाचे पैसे त्याने त्याच्या खिशातून द्यायचे.

फीचं विचारलं नाहीत, तरी सांगतो: व्यावसायिक शिक्षणाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, अर्ज महाडीबीटीवर. दाखले आत्तापासून काढून ठेवा, जूनमध्ये तहसीलला रांग असते.

त्या वहीची पानं मला पाठवाल का? गाड्यांची चित्रंही त्यात आली तर चालेल.