मशीन छातीला, कावीळ लिव्हरला?

प्रश्न : आम्ही यावल तालुक्यातले केळीवाले. नाना (वडील, वय 64) न्यूमोनियामुळे नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते. पाचव्या दिवशी डोळे पिवळे दिसले; बिलिरुबिन 3.8, एसजीपीटी 210. झोपेचं औषध बंद केल्यावरही नीट शुद्धीवर यायला दोन दिवस लागले. आता घरी आहेत, बिलिरुबिन 1.9 वर आलंय, पण मांड्या पार वाळल्यात. नातेवाईक म्हणतात, मशीनच्या हवेनं लिव्हर जळालं. नानांनी दारूला कधी हात लावला नाही. गावात काविळीची मुळी मिळते, ती द्यावी का?

उत्तर : मुळी देऊ नका भाऊ. उतरणीला लागलेली कावीळ अशा पाल्यामुळीनं पुन्हा चढलेली मी भुसावळच्या माझ्या दवाखान्यात पाहिली आहे, म्हणून हे आधी सांगतो.

लिव्हर जळालेलं नाही. नातेवाइकांचा संशय मात्र अगदीच वेडगळ नाही. आपण श्वास घेतो तेव्हा छातीत ओढ तयार होते; तिनं हवा आत येते आणि पोटाकडचं रक्तही हृदयाकडे ओढलं जातं. व्हेंटिलेटरचं काम उलटं. तो हवा दाबून भरतो, आणि श्वास सोडल्यावरही फुप्फुस मिटू नये म्हणून थोडा दाब कायम ठेवतो. त्याला ‘पीप’ म्हणतात. लिव्हरमधून मिनिटाला सव्वा ते दीड लिटर रक्त जातं. त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून अगदी संथ दाबानं येतं. आता तुमच्याकडे ठिबक असेल, पण नानांनी पाटाचं पाणी दिलेलं असणार, त्यांना विचारा : पाट पुढे बुजला की काय होतं? पाणी मागे वाफ्यात तुंबतं. छातीतला दाब वाढला की लिव्हरमधलं रक्त तसंच तुंबतं. वर हृदयही थोडं कमी रक्त फेकतं, म्हणजे विहिरीवरची मोटारही मंद.

पण एवढ्यानं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत डोळे पिवळे करणारं द्रव्य, 3.8 वर जात नाही, असं माझं मत. मोठा वाटा जंतुसंसर्गाचा. रक्तात विष भिनलं की पित्ताचा प्रवाह अडखळतो. काही अँटिबायोटिक्सही त्यात भर घालतात. बीपी फार वेळ कोसळून लिव्हरला ऑक्सिजनच मिळाला नसता, तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, हजारांत गेलं असतं. 210 हा आकडा मला तरी दिलासाच देतो.

शुद्धीचं म्हणाल, तर मिडाझोलाम, फेंटानिल या झोपेच्या-वेदनेच्या औषधांचा असर मोडून काढण्याचं काम मुख्यतः लिव्हरच करतं. रक्त संथ, लिव्हर थकलेलं, मग औषध अंगात रेंगाळणारच.

मांड्या वाळल्या त्याचा दोष मशीनवर टाकू नका. तब्येत ठीक असताना श्वास घेण्यात शरीराच्या ऑक्सिजनचा अगदी थोडा भाग खर्च होतो. धाप लागलेल्या माणसात तो पाचव्या हिश्शापर्यंत जाऊ शकतो. ती मजुरी मशीननं केली. मात्र गंभीर आजारात शरीर स्नायू मोडतं आणि लिव्हर त्यातल्या प्रथिनांपासून साखर बनवतं. म्हणून तर डायबेटिस नसलेल्यांनाही आयसीयूत इन्शुलिन लागतं. त्यात हातपाय हलत नाहीत, आणि मशीन श्वास घेत असल्यानं श्वासपटलही (छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू) बारीक होतं. नाना दोन पावलं चालले की दमत असतील, ते यामुळेही.

कावीळ म्हटलं की आपल्याकडे उसाचा रस सुरू आणि डाळ बंद. नेमकं उलटं करा. कळण्याची भाकरी, घट्ट वरण, दूध, चालत असतील तर अंडी. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. भरीतही खाऊ द्या, फक्त तेलाचा तवंग नको. दिवसातून चार-पाच वेळा हात धरून ओट्यापर्यंत चालवा.

दोन आठवड्यांनी लिव्हरची तपासणी पुन्हा करा. बिलिरुबिन उतरलं नसेल तर पोटाची सोनोग्राफी. अंगाला खाज, पांढरट शौच, ताप किंवा गुंगी दिसली तर दोन आठवडे थांबू नका. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, अंगदुखीच्यासुद्धा; एकाच वेळी तीन वेगवेगळ्या नावांनी पॅरासिटामॉल चालू असलेले पेशंट मला दर महिन्याला भेटतात.