‘पास द ॲमो’मधलं चित्रण भडक आहे की खरं?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेत टीव्हीवरून देणग्या गोळा करणाऱ्या धर्मोपदेशकांवरचा ‘पास द ॲमो’ हा विनोदी चित्रपट पाहिला, पण फार भडक वाटला. खरंच इतकं चालायचं का? आणि अशा चित्रपटांतून श्रद्धाळू माणसांची टिंगल होत नाही का?

माझ्या मते चित्रपटाने हात राखूनच दाखवलंय. खरं होतं ते याहून वाईट होतं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्दांत कथा सांगतो. १९८८ सालचा हा चित्रपट डेव्हिड बेअर्ड यांचा. क्लेअर नावाच्या मुलीच्या कुटुंबाच्या वारशातले ५० हजार डॉलर रेव्हरंड रे पोर्टरच्या टीव्ही-चर्चने लाटलेले असतात. ते परत मिळवायला ती, तिचा होणारा नवरा आणि दोघे नातेवाईक चर्चवरच दरोडा घालायला जातात आणि आत अडकतात. बाहेर पोलिसांचा वेढा, आत ओलीस धरलेली माणसं आणि हे सगळं टीव्हीवर. वेढ्याचा भाग मला लांबलेला वाटतो. पण टिम करीचा रेव्हरंड आणि ॲनी पॉट्सची त्याची बायको डार्ला पडद्यावर आले की नजर हटत नाही.

ही जोडी पाहताना अमेरिकन प्रेक्षकाला जिम आणि टॅमी फे बेकर हे टीव्हीवरचं धर्मोपदेशक दांपत्य आठवलं नसेल तरच नवल. ‘पीटीएल’ हा त्यांचा कार्यक्रम, आणि दक्षिण कॅरोलिनातलं ‘हेरिटेज यूएसए’ हे त्यांनी उभारलेलं ख्रिस्ती करमणूक केंद्र. तिथे एक हजार डॉलर देणाऱ्याला दरवर्षी तीन रात्री हॉटेलात फुकट राहता येईल, तेही आयुष्यभर, असं वचन होतं. खोल्या मोजक्या, आणि वचनं त्यांच्या क्षमतेच्या कितीतरी पलीकडे विकलेली. आलेल्या पैशातला बराचसा रोजच्या खर्चात आणि बेकर दांपत्याच्या ऐषारामात गेला. १९८९ साली फसवणुकीच्या २४ आरोपांत जिम बेकर दोषी ठरले, ४५ वर्षांची शिक्षा झाली. अपिलानंतर ती बरीच कमी झाली आणि १९९४ मध्ये ते सुटले.

यात पैशाची मागणी इतकी सतत का असते, हेही समजून घ्यायला हवं. पूर्वी अमेरिकेतली टीव्ही केंद्रं जुन्या, प्रस्थापित चर्चना फुकट वेळ द्यायची, कारण लोकसेवेचे कार्यक्रम दाखवणं त्यांना बंधनकारक होतं. १९६० साली सरकारी नियामकाने विकत दिलेला धार्मिक वेळही त्यात मोजायला परवानगी दिली. मग फुकट वेळ कोण देणार? जो पैसे मोजेल तो पडद्यावर, आणि ते पैसे प्रेक्षकांकडूनच यायचे. जितकी केंद्रं जास्त, तितकं बिल मोठं, तितकी विनवणी आर्त. १९८७ साली ओरल रॉबर्ट्स या टीव्ही-धर्मोपदेशकांनी तर मार्चपर्यंत ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला बोलावून घेईल, असं जाहीर सांगितलं होतं. कुणी पटकथेत लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं की जरा जास्तच झालं.

मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणाऱ्या पीटर पॉपॉफ या धर्मोपदेशकाचं प्रकरण. सभेत ते अनोळखी माणसाला नावाने हाक मारायचे, त्याचा आजार सांगायचे, घरचा पत्तासुद्धा. लोक रडायचे, कुबड्या टाकायचे. जादूगार जेम्स रँडी यांच्या चमूने रेडिओ स्कॅनर लावला, तेव्हा ३९.१७ मेगाहर्ट्झवर पॉपॉफ यांच्या बायकोचा आवाज सापडला. लोकांनी सभेआधी भरून दिलेल्या प्रार्थनेच्या कार्डांवरची माहिती ती पडद्यामागून वाचत होती आणि नवऱ्याच्या कानातल्या यंत्रात ती पोचत होती. १९८६ साली रँडी यांनी ते ध्वनिमुद्रण जॉनी कार्सनच्या लोकप्रिय टीव्ही-गप्पांच्या कार्यक्रमात ऐकवलं. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव बाबांचे चमत्कार स्वतः करून दाखवले, त्याच जातीचं हे काम. आपल्या आजारी माणसासाठी कुणीतरी कापऱ्या हाताने ते कार्ड भरलेलं असतं, हे डोळ्यांसमोर आणलं की हसू येत नाही, संताप येतो.

आता टिंगलीबद्दल. चित्रपट कुणावर हसतोय ते नीट पाहा. ज्यांचे पैसे गेले त्या कुटुंबाची बाजू तो कथेच्या मध्यभागी ठेवतो आणि आपली सहानुभूती दरोडेखोर मुलीकडे वळवतो. आणि प्रत्यक्षातही या लोकांना उघडं पाडणाऱ्यांत श्रद्धावान ख्रिस्ती होतेच. रॉबर्ट टिल्टन या टीव्ही-धर्मोपदेशकाविरुद्ध पुरावे गोळा करायला डॅलसच्या ‘ट्रिनिटी फाउंडेशन’ या ख्रिस्ती संस्थेची माणसं स्वतः कचऱ्याच्या पेट्यांत उतरली. लोकांनी पाठवलेली प्रार्थनेची पत्रं, आतले पैसे काढून घेतल्यावर, तिथे फेकलेली सापडली. १९९१ मध्ये एबीसी वाहिनीने ते देशाला दाखवलं. टिल्टन यांनी आरोप नाकारले, पण १९९३ मध्ये त्यांचा कार्यक्रम बंद पडला. ज्यांना प्रार्थना मोलाची वाटते त्यांनाच तिचा असा बाजार सगळ्यात जास्त बोचतो. म्हणून तुमच्या घरात कुणी श्रद्धाळू असेल तर त्यांच्यासोबत हा चित्रपट बिनधास्त बघा.

फक्त हे जुन्या काळातलं काहीतरी, असं समजू नका. तुरुंगातून सुटलेले जिम बेकर २००३ मध्ये पुन्हा टीव्हीवर आले. २०२० च्या फेब्रुवारीत त्यांच्या कार्यक्रमात चांदीयुक्त द्रावणाची जाहिरात झाली आणि ते करोनावर चालेल असं सुचवलं गेलं. मिझुरी राज्याने खटला भरला. २०२१ मध्ये तडजोड झाली, बेकर यांनी चूक मान्य केली नाही, पण ग्राहकांना सुमारे १ लाख ५६ हजार डॉलर परत करायचं ठरलं.