गणिताच्या पेपरात वजासाठी कीबोर्डवरचीच आडवी रेघ टाइप केली तर काही बिघडतं का?

बिघडतं. माझं बिघडलंय, म्हणून सांगते.

मी इंदूरला भंवरकुआंजवळ कोचिंगवाल्यांचे पेपर टाइप करून देते. इकडे हिंदी पेपर अजूनही सर्रास क्रुतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये होतात. एका रात्री घाईत अख्खं पान सिलेक्ट करून फॉन्ट बदलून क्रुतिदेव केला आणि प्रिंट काढून दिली. सकाळी सरांचा फोन, "ताई, वजाबाकीत दशांश कुठून आले?" ७-३ चं ७.३ झालं होतं!

क्रुतिदेव युनिकोड फॉन्ट नाही (युनिकोड म्हणजे प्रत्येक चिन्हाला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत). इंग्रजी चिन्हांच्या जागांवर त्यात हिंदी आकार बसवलेत. हायफनच्या जागी टिंब आहे आणि आडवी रेघ अँपरसँडच्या (&) जागी. म्हणजे कागदावर रेघ दिसते, पण फाइलमध्ये असतो अँपरसँड. तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की सगळं उघडं पडतं.

मूळ खोड टाइपरायटरची. कळा मोजक्या, म्हणून एकाच रेघेकडून हायफन आणि वजा दोन्ही कामं करून घेतली. १९६३ च्या आस्कीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या जुन्या चिन्हसंचात, तेच राहिलं, आणि युनिकोडने तर त्या चिन्हाचं नावच हायफन-मायनस ठेवलं, क्रमांक ००२डी. खरं वजाचं चिन्ह वेगळं आहे, २२१२. ते साधारण अधिकच्या चिन्हाइतकं रुंद असतं आणि त्याच्या आडव्या दांडीच्या उंचीवर बसतं. ५+३ च्या खाली ५-३ आणि त्याखाली ५−३ लिहून बघा, मधला बिचारा बुटका दिसेल. शिवाय हायफन पडला शब्द जोडणारा, त्यामुळे वर्ड तिथे खुशाल ओळ तोडतो. वजा वरच्या ओळीत, आकडा खालच्या. मुलं तो अधिक समजून सोडवतात, त्यांचं काय चुकलं?

वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत २२१२ लिहा आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा. क्रुतिदेवमध्ये हे चिन्हच नाही, त्यामुळे वर्ड ते दुसऱ्या फॉन्टातून आणतो आणि वजा वजाच राहतो. वर्डच्या इक्वेशन एडिटरमध्ये किंवा लाटेक या पानं जुळवायच्या प्रणालीच्या गणिती भागात साधी रेघ टाका, ते स्वतःच बदलून घेतात.

एक्सेलच्या सूत्रात किंवा प्रोग्रॅममध्ये मात्र कीबोर्डचीच रेघ हवी. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची तर गंमतच आहे: मजकुराचा आकडा करणाऱ्या int() ला देवनागरी ५ दिला तर तो मुकाट्याने आकडा मानतो, पण त्याआधी हे नीटनेटकं − लावलं की एरर देतो.