सभेत उभी राहिले आणि सगळं पुसलं गेलं

प्रश्न : बाई, मी पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झाले आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पाण्याच्या प्रश्नावर बोलायचं म्हणून दोन पानी भाषण पाठ केलं होतं. चौथ्या वाक्याला काही आठवेना. त्यात मी ‘पानी’ म्हणाले, तर मागून कुणीतरी हसलं. तशीच खाली बसले. आता २ ऑक्टोबरला पुन्हा सभा आहे. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी त्या ‘पानी’चं बोलू. मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले. न आणि ण साठी मी मुलांचे गुण कापले आहेत. एका वर्षी ऊसतोडीवरून परतलेली सातवीतली मुलगी फडावरच्या पहाटेबद्दल बोलली. कोयत्याची मूठ हाताला कशी गार लागते ते सांगत होती तेव्हा सगळा वर्ग चिडीचूप होता. मी तिला उच्चारांचे दहापैकी दोन दिले. तिचा नंबर आला नाही. ते दोन गुण मला अजून बोचतात. तुमच्या आळीतल्या बायका पानीच भरतात. तुम्ही पानीच म्हणा. कुणी हसलं तर हातातलं वाक्य पुरं करा, मगच थांबा.

पाठांतर मात्र सोडा. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथीची भाषणं आठवा : ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो...’ एक शब्द निसटला की पोर पुन्हा पहिल्या ओळीवर. पाठ केलेल्यात शब्दाला शब्द बांधलेला असतो. नळ किती वाजता येतो, किती हंडे भरतात, शेवटच्या घरापर्यंत धार का पोचत नाही, हे तुम्ही रोज जगता. ते कसं विसराल? फक्त पहिलं वाक्य पक्कं ठेवा, थेट नळाच्या वेळेचं. आणि शेवटची मागणी, कारण ती ठरावात जशीच्या तशी उतरायला हवी. ग्रामसेवकांना ती तिथंच वाचून दाखवायला सांगा.

हात थरथरतील. थरथरू देत, पण मोठा कागद धरू नका, तो थरथर दुप्पट दाखवतो. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर ठसठशीत चार शब्द लिहा : नळ, टाकी, वेळ, मागणी. माइक तोंडापासून चार बोटं लांब.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या राज्यात नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, तसा कायदाच आहे. बऱ्याच गावांत ती सह्यांपुरती उरकतात, याचा मला फार राग येतो. तुमच्या गावात ती खरोखर भरवायला लावा. तिथं हाच विषय मांडा. बायका मध्येच बोलतील, ‘अगं, परवा तर आलंच नाही’ म्हणतील. ते पुठ्ठ्यावर टिपून घ्या. मग २ ऑक्टोबरला त्यातल्या दोघींना पुढच्या रांगेत बसवा आणि त्यांच्याकडे बघून बोला.

सभा झाली की मला पत्र पाठवा. ठरावाचा क्रमांकही लिहा.