जुनी रेंजफाइंडर लेन्स घ्याची असन त आधी टॉर्च मार

भाऊ, रेंजफाइंडर म्हणजे खिडकीतून पाहून फोकस जुळवाचा कॅमेरा; त्याची लेन्स घेताना वरच्या नावावर जाऊ नको. अॅपर्चर (लेन्समधलं उजेड कमी-जास्त करणारं भोक) पूर्ण उघड, मागून मोबाइलचा टॉर्च मार आन् तिरपं पाह्य, जाळं दिसलं त बुरशी, धुकं दिसलं त हेझ. आपल्या इकडं पावसाळ्यात चामड्याच्या केसमधी पडून राह्यलेली लेन्स बुरशी धरतेच. धुकं पुष्कळदा साफ होते, पण जुन्या कॅनन ५० एमएम एफ १.८ मधी अॅपर्चरमागची काचच खाल्ली गेली असन त पुसून काही होत नाही, सोडून दे. धुळीच्या चार कणानं फोटोत फरक पडत नाही, भाव पाडाले मात्र कामी येतात!

एल्मार, म्हणजे जर्मन लायका कॅमेऱ्याची नावाजलेली लेन्स, असं लिहिलेली स्वस्तात भेटली त हुरळू नको बाप्पा, रशियन इंडुस्टार लेन्सवर ते नाव कोरून विकतात. सुरुवातीले रशियन ज्युपिटर-८ लेन्स घे, रचना दुसऱ्या महायुद्धाआधीच्या जर्मन झाइस कंपनीच्या सोनार लेन्सची, आन् लेन्सवरच्या नंबरचे पहिले दोन आकडे बहुतेकदा ती बनल्याच्या सालाचे. पण माउंट (लेन्स कॅमेऱ्यावर बसाची जागा) पाह्यजो, लायकासाठी ३९ एमएम स्क्रूवालीच पायजे, कीव नावाच्या कॅमेऱ्याची लायकावर तशी बसत नाही. फोकसची रिंग जाम असन त सर्व्हिसचा खर्च आधीच भावातून काप, गावात कोणी खोलून देत नाही, पार्सलच करा लागते.